सोमवारची तगर

बातमी आली तेव्हा माझा हात दिनकररावांच्याच तगरीत होता. सोमवारची पहाट, म्हैसूरच्या विजयनगरमधली आमची गल्ली अजून झोपेत. त्यांच्या कंपाउंडबाहेर आलेल्या फांदीवरून मी महादेवासाठी फुलं तोडत होते, आणि पिशवीतला फोन वाजला. त्यांची बायको मीनल इस्पितळातून बोलत होती. "ताई, दिनकर गेला." मग रडत विचारलं, कुठे आहात तुम्ही? मी म्हटलं, घरी... अय्यो, त्या घडीलाही मला खोटंच सुचलं! चार फुलं मुठीत होती, आणि ज्याची होती तो माणूसच राहिला नव्हता.

चोरी म्हणावी तर चोरीच. तीसुद्धा करणारी कोण, तर गल्लीच्या कमिटीची सेक्रेटरी, निवृत्त शिक्षिका, म्हणजे मी. 'फुलं तोडू नयेत' हा कन्नड बोर्ड माझ्याच अक्षरातला. माझ्या अंगणात जास्वंद ढीगभर, पण महादेवाला पांढरं फूल लागतं. सुरुवातीला नवी ओळख म्हणून मागायचा संकोच वाटला, मग बोर्ड लागला, आणि त्यानंतर कुठल्या तोंडाने मागणार? त्यांना एकदा सांगून टाकायचं, असं दर सोमवारी ठरवायची. राहिलं ते राहिलंच.

दिनकरराव मूळचे साताऱ्याचे, वीसेक वर्षांपूर्वी इथल्या एका संस्थेत आले. काम हिमबिबट्यांचं. दर उन्हाळ्यात लडाखला जायचे, हिमनदीच्या आसपास दगडांना कॅमेरे बांधून ठेवायचे. जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो निघतो. परत आले की मी विचारायची, दिसला का बिबट्या? आणि ते खुशीत सांगायचे की नाही, पण विष्ठा फार सुंदर मिळाली. त्याने रानमेंढी खाल्ली की कुणाच्या गोठ्यातली बकरी, हे त्यातल्या केसांवरून कसं कळतं, ते आम्हाला नेमकं जेवतानाच समजावायचे. आणि एवढा बर्फातला माणूस म्हैसूरच्या डिसेंबरात माकडटोपी घालून दूध आणायला निघायचा!

पहाडात जाण्याआधी सराव म्हणून ते बेट्टदपुरच्या डोंगराच्या पायऱ्या चढायचे, पाठीवर वीस किलो तांदूळ घेऊन. आल्या-आल्याच्या वर्षांत एकदा मीनल आणि मीही गेलो. वर देवळात पुजाऱ्यांना वाटलं, यांची हरके आहे, नवस. त्यांनी प्रेमाने पोतं उतरवून घेतलं, कपाळाला विभूती लावली, दोन म्हाताऱ्या तर यांच्या पाया पडल्या. दिनकरराव मराठीत सांगताहेत, अहो, हे नुसतं वजन आहे... आणि कन्नड येणारी मी एकटी, ती पदर तोंडाला लावून गप्प. त्यांचा सगळा सराव त्या दिवशी प्रसादात शिजला. उतरताना म्हणाले, तुम्ही एक शब्द बोलला असता तर! मी म्हटलं, साकु बिडी, पुरे झालं, तेवढंच पुण्य.

एकदा कमिटीत फूलचोरांचा विषय निघाला. सगळ्यांत मोठ्याने मीच बोलले, साहजिकच. दिनकरराव कॉफीच्या पेल्यात बघत म्हणाले, "येणाऱ्याला येऊ द्यावं. त्रास दिला की वाट बदलतात." सगळे हसले. मी मनात म्हटलं, किती भोळा माणूस.

ते गेल्यावर तीन आठवड्यांनी मीनलने बोलावलं. कॅमेऱ्यांची मेमरी कार्डं संस्थेला परत द्यायची होती, त्याआधी घरचे फोटो वेगळे काढायचे होते. एका फोल्डरचं नाव होतं 'सोमवार'. उघडलं, तर मी! दर वसंतात निघण्याआधी ते कॅमेरे स्वतःच्या गेटवर बांधून तपासायचे. गेटच्या खांबावरच्या त्या खाकी डब्या मी इतकी वर्षं वीजखात्याच्या समजत होते. खाली त्यांची टिपणं. 'मादी. प्रौढ. एकटी. शालीच्या नक्षीवरून ओळख पक्की. डाव्या हाताने तोडते, कळ्या सोडते. बुजरी.' मीनल हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. शेजारच्याच फोल्डरात हिमनदी, दरवर्षी त्याच एका दगडावरून टिपलेली. बर्फ मागे मागे सरकलेलं, पुढे उघडे धोंडे. त्या धोंड्यांबद्दल बोलताना मात्र दिनकरराव कधी थट्टा करत नसत. दोन्ही फोल्डर लागोपाठ बघताना लक्षात आलं, तिकडचं पांढरं घटत गेलं आणि माझ्या डोक्यावरचं वाढत गेलं.

यंदाच्या फोटोंखाली एकच ओळ होती. 'हात वर पोचत नाही. फांदी खाली बांधणे.'

मला वाटलं होतं, झाड आपलं आपणच वाकलंय. मी कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर ढसाढसा रडले. लाज होती, पण तिच्यापेक्षा माया जास्त होती, आणि ती सांगायला आता माणूस नव्हता.

पुढच्या सोमवारी मी उजाडल्यावर गेले, गेट उघडून सरळ आत. फांदीला त्यांच्या डोंगरातल्या सामानातली हिरवी दोरी होती, गेटच्या सळीला घट्ट बांधलेली. मीनल दारात आली. मी वीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "मीनल, चार फुलं घेऊ?"

तिने डोळे पुसले. "नाही, ताई. त्रास द्यायचा नाही, असं दिनकरचं सांगणं आहे. तुम्ही आपल्या बाहेरूनच घ्या."

मी बाहेर गेले, गेट लावून घेतलं, आणि डाव्या हाताने फुलं तोडली. कळ्या ठेवल्या.