सोवळ्यातली चाकं

साऱ्या बीड जिल्ह्यात हवेची जात विचारणारा माणूस एकच आहे, आणि दुर्दैवाने तो आमच्या अक्काचा नवरा आहे. मी पत्रकं वाचत वाढलो. जात, सोवळं, विटाळ यांच्याविरुद्ध चौकात उभं राहून पत्रकं वाटलीही. पण सोवळं देवघरातून हाकलून लावलं तर ते मोटारीच्या टायरात जाऊन बसेल, असं एकाही पत्रकात लिहिलेलं नव्हतं. दाजींच्या गाडीच्या चाकांत फक्त नायट्रोजन जातो. तो वडवणीत मिळत नाही, म्हणून बीडच्या एका पंपावर जाऊन भरायचा. पंक्चरच्या दुकानातल्या हवेला दाजी 'उघड्यावरची हवा' म्हणतात, बसस्टँडवरच्या भज्यांना म्हणावं तसं. एकदा त्यांच्या चुलतभावाने प्रेमाने गाडी धुऊन आणली आणि येता येता चाकांत साधी हवा मारून आणली. दाजी चाकाकडे बघून एवढंच म्हणाले, "बाटवलंस की रे!" आणि चहा तसाच ठेवून बीडला गेले. चारही चाकं रिकामी करून, शुद्ध करून आणली. ती हवा सुटत असताना दाजी नाकाला रुमाल लावून उभे होते, असं चुलतभाऊ सांगतो. मला ते खोटं वाटत नाही.

तसा माणूस लाखात एक. कुणाच्या लग्नाला गाडी मागितली तर कधी नाही म्हणणार नाहीत. चावी देताना फक्त बजावतील, "डिझेल न्हाई टाकलं तरी चालंल, हवा टाकू नका." नायट्रोजनच्या चाकांच्या व्हॉल्व्हला हिरव्या टोप्या असतात. दुसऱ्याच्या गाडीला हिरवी टोपी दिसली की दाजी आपल्या गावचा माणूस परमुलखात भेटल्यासारखे तिच्या मालकाकडे जातात आणि नाव-गाव विचारतात. दसऱ्याला अक्का चाकांखाली लिंबं ठेवते, तेव्हा मी चिडतो. दाजी मला बाजूला घेऊन म्हणतात, "लिंबू तिचं, नायट्रोजन माझा. तू बे पत्रकवाल्या, विज्ञानाची नुसती पत्रकं वाटतो. मी विज्ञान चाकात भरतो."

या विज्ञानावर मी त्यांच्याशी पुष्कळ भांडलो. म्हटलं, दाजी, विमानांची गोष्ट वेगळी, शर्यतीच्या गाड्यांची वेगळी. तुम्ही वडवणीहून बीडला जाणार आणि वाटेत उसाच्या ट्रॉलीमागे बैलगाडीच्या चालीने चालणार. तुम्हाला नायट्रोजन कशाला? साधी हवा म्हणजे तरी काय? चारातले तीन हिस्से नायट्रोजनच, किंचित जास्तच. निव्वळ नायट्रोजन जरा सावकाश उतरतो, ओल कमी असते, एवढाच फरक. दाब वेळेवर बघितला की झालं. आणि तो तर दाजी बघतातच! दर सोमवारी अंघोळीआधी चारही चाकांपुढे उकिडवे बसतात, मीटर लावतात, खाचांत अडकलेले खडे किल्लीच्या टोकाने उकरून काढतात. त्यांची टायरं टिकतात ती या वाकण्यामुळे. श्रेय मात्र नायट्रोजन खातो, जसं कार्यकर्त्याचं पुढारी खातो. हे सगळं ऐकून दाजी शांतपणे म्हणाले, "असंल. पण घरात बोलू नको."

त्याचं कारण अक्का. तीन उन्हाळ्यांमागे भर दुपारी, तलवाडा चार किलोमीटरवर असताना, गाडीचं पुढचं टायर फुटलं आणि गाडी बाजूच्या नांगरलेल्या शेतात उतरली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही, पण अक्काने गाडीत बसणं सोडलं. आईला भेटायला तलवाड्याला यायची ती एसटीने, दोनदा गाडी बदलून, अर्धा रस्ता उभी राहून. मागे मोकळी गाडी घेऊन दाजी, वरात चुकलेल्या घोड्यासारखे. मग त्यांना कुणीतरी नायट्रोजन सांगितला: थंड असतो, टायर फुटत नाही. दाजींनी ते अक्काला सांगितलं, तिला बीडला नेऊन तो भरताना दाखवला, आणि ती बसली. दार गच्च धरून, डोळे रस्त्यावर रोखून, पण बसली. असा माणूस पाखंडी म्हणावा की भाविक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात आम्ही तिघं वडवणीहून तलवाड्याला निघालो होतो. गाव चार-पाच किलोमीटरवर आलं आणि मागचं चाक बसलं. खिळा. दाजी बेफिकीर होते, "स्टेपनी हाय की!" डिकीतली पोती, आंब्याची पेटी, आईसाठी घेतलेली सतरंजी असं सगळं उतरवून स्टेपनी काढली, तर ती दाबली की आत जात होती. सोमवारची पूजा चार चाकांचीच व्हायची. पाचवं चाक पोत्यांखाली निव्वळ नायट्रोजनच्या भरवशावर पडून होतं. एरवी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

समोरच लिंबाखाली पंक्चरचं दुकान होतं. तिथल्या चाचांनी खिळा उपटला, भोक बुजवलं आणि हवेची नळी उचलली. दाजी पुढे झाले. "चाचा, नायट्रोजन?"

"वो कहाँ मिलेगा हितं?" चाचा म्हणाले. "हवा हाय. अल्लाची हवा हाय, दाजी, सगळ्यांना चालती."

अक्काने ते ऐकलं. तिने पिशवी उचलली आणि पदर सावरला. "तुमी व्हा पुढं. मी एसटीनं येते."

"अगं, चार किलोमीटरचा तर रस्ता."

"तवाबी चारच ऱ्हायलं होतं."

दाजींचा चेहरा उतरला. ती आज एसटीत चढली तर या गाडीत पुन्हा बसणार नाही, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. रस्त्यावर लांब एसटीची धूळ दिसू लागली होती. दाजी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "सांग तिला."

"काय?"

"तुझं ते. चार हिश्श्यांचं."

जन्मात कुठल्या सभेत माझं भाषण इतकं लहान आणि इतकं घाबरत झालं नसेल. म्हटलं, अक्का, या हवेतसुद्धा चारातले तीन हिस्से नायट्रोजनच आहे. टायर फुटतं ते हवा कमी पडल्याने, झिजल्याने, उन्हात जास्त ओझं लादल्याने. ते टायर झिजलेलं होतं. ही नवी आहेत आणि दाजी रोज... म्हणजे दर सोमवारी बघतात. दाजी शेजारी उभे राहून पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी मान डोलवत होते. "शिकलेला हाय गं तो. खोटं न्हाई बोलणार."

अक्काने माझ्याकडे बघितलंच नाही. तिने नवऱ्याला विचारलं, "तीन हिस्से हितंच हायती, तर तुमी बीडला कावून जात होता?"

दाजींनी चाकाकडे बघितलं. मग म्हणाले, "उरलेल्या एका हिश्श्यासाठी."

चाचा आधी हसले. मग अक्का, पदर तोंडावर धरून, पण चांगली खांदे हलेपर्यंत हसली. एसटी आली, थांबली. कंडक्टरने "चढायचं का न्हाई, बाई?" म्हणून विचारलं. अक्काने हातानेच 'जा' म्हटलं.

माझा विजय झाला होता आणि तो कुणाच्याही लक्षात आला नव्हता. मागच्या सीटवर बसून मी आणखी दोन मुद्दे जुळवत होतो, तेवढ्यात दाजींनी आरशातून मला बोटाने गप्प केलं. अक्काचा हात दारावरून सुटून मांडीवर आला होता, मान खिडकीला टेकली होती. गाडीत तिला झोप लागलेली आम्ही दोन वर्षांत बघितली नव्हती.

घर आलं, तरी अक्का झोपलेलीच होती. आई दारात उभी होती. दाजींनी गाडी थांबवली नाही. त्यांनी वेग फक्त कमी केला, आईला मानेनेच नमस्कार केला आणि तिच्यासमोरून गाडी तशीच पुढे, शेताच्या रस्त्याला घातली. आई हात वर करून काहीतरी विचारत होती. मी मागच्या काचेतून तिला खुणेने सांगितलं, येतो, जरा वेळाने येतो.