दुक्मची कोरडी भावकी

गुहागरच्या पलीकडे खाडीकाठी बबनची वाडी आहे. तिथे रोज संध्याकाळी सातला प्रभावतीकाकू ओटीवर बसून हजेरी घेते. काकूचा नवरा दारू पिऊन होडीतून खाडीत पडला, तो मिळालाच नाही. तेरावं उरकलं आणि काकूने वाडीतल्या झाडून सगळ्या पिणाऱ्यांना बोलावून शपथा घ्यायला लावल्या. लोक थट्टेने ह्या मंडळाला कोरडी भावकी म्हणू लागले, तेच नाव चिकटलं. काकू नाव पुकारते. प्यायला नसेल त्याने ‘कोरडा’ म्हणायचं, प्यायला असेल त्याने ‘ओला’. ओला म्हणणाऱ्याला कुणी टोचून बोलत नाही, फक्त त्याचे दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. कडक नियम एकच: हजेरी घेणारा भावकीत आल्यापासून कधीच ओला झालेला नसावा.

आठ वर्षांपूर्वी बबन परांच्या बांधायला ओमानला, दुक्मला आला, तेव्हा त्याला वाटलं, सुटलो बुवा. पण काकू कसली सोडते! पहिल्याच संध्याकाळी फोन. वाडीत सात म्हणजे इथे साडेपाच, साइटवरून कॅम्पला परतणारी बस. सगळ्यांदेखत, कानकोंडा होऊन तो पुटपुटला, “कोरडा.”

मग ते रोजचंच झालं. जुलैत समुद्रावरचं धुकं माळावर पसरतं, रिफायनरीच्या चिमण्या त्यात अर्ध्यामुर्ध्या तरंगतात, आणि फोनमधून काकूच्या पत्र्यावरचा पाऊस ऐकू येतो. तो ऐकता ऐकता बबनचे डोळे मिटत. बस खाडीच्या पाण्यावरून चालली आहे असं वाटे, काठावर माड, पलीकडे दिवा. शेजारची माणसंही त्या पावसासाठी कान पुढे करून बसू लागली. चिपळूणचा क्रेनवाला सतीश तीन दिवस हसला आणि चौथ्या दिवशी म्हणाला, “काकू, माझंही नाव घाल.” त्याच्या मागोमाग दयानंद आला.

बस चालवणारा यासिर इथलाच, दुक्मच्या कोळ्याचा मुलगा. सगळ्यांची नावं पुकारली जातात, आपलंच नाही, ह्याचं त्याला फार वाईट वाटे. एकदा त्याने गाडी थांबवून फोनमध्ये तोंड घातलं. “अम्मा, मेरा नाम भी बोलो!”

“हा कोण रे?” काकूने विचारलं.

“ड्रायव्हर, काकू. जन्मात दारूला शिवलेला नाही.”

“मग? कोरडाच आहे की. घालते नाव.”

तर अशी ही भावकी तिकीट न काढता, शिक्का न मारता समुद्र ओलांडून आली.

यंदा काकूचा आवाज बसू लागला. ती म्हणाली, “दुक्मची हजेरी आता दुक्मलाच होऊ दे. उद्या नावं घेते ती शेवटची, मग बबन घेईल. आठ वर्षांत एक दिवस ओला नाही माझा बबन.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बबन खिडकीबाहेर बघत राहिला. तीन आठवड्यांपूर्वी तो वैद्यकीय तपासणीसाठी मस्कतला गेला होता, तिथल्या अल् खुवैर भागात मित्राच्या घरी उतरला होता. दुःख नव्हतं, आग्रह नव्हता. बाहेर उन्हाची काहिली होती आणि समोर बिअरचा गार पेला होता, बस. साडेपाचला फोन आला तेव्हा पेला अर्धा झाला होता. तो म्हणाला, “कोरडा,” आणि काकूने पुढचं नाव घेतलं. आता खरं सांगावं तर सगळ्यांचा धीर सुटून ही भावकी मोडणार, आणि न सांगावं तर रोज काकूच्या जागी बसून खोटं पुकारायचं.

दुसऱ्या दिवशी बस धुक्यात उभी होती. काकूने पुकारलं, “बबन.”

पत्र्यावर पाऊस वाजत होता.

“ओला,” बबन म्हणाला. “तीन आठवडे झाले, काकू. तेव्हा तुझ्याशी खोटं बोललो.”

सतीशने टोपी काढली. “काकू, मीपण. दिवाळीत. बबनदादा एवढा पक्का, त्याच्यासमोर म्हणायची लाज वाटली.” दयानंद खाली मान घालून म्हणाला, “मीही.”

“मेल्यांनो!” काकू कडाडली. “मग मी काय भिंतीशी बोलत होते?”

खलास, संपलं सगळं, असं बबनला वाटलं. तेवढ्यात पुढच्या सीटवरून आवाज आला, “अम्मा, यासिर कोरडा.”

काकू म्हणाली, “तर तोच घेईल हजेरी. नियम म्हणजे नियम.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी यासिरने गाडी कडेला लावली, काकूला फोन लावला आणि अरबीत नावं लिहिलेला कागद स्टिअरिंगवर ठेवला.

“बबन.”

बबनला रडू आवरेना. “कोरडा,” तो म्हणाला. “पहिला दिवस.”

सतीश झाला, दयानंद झाला. कागदावर अजून एक नाव होतं. यासिरने ते अदबीने वाचलं, “प्रभावती अम्मा.”

फोनमध्ये नुसता पाऊस. इतक्या वर्षांत तिचं नाव कुणी पुकारलंच नव्हतं.

“कोरडी आहे रे बाबा,” काकू म्हणाली.