परसातलं बिननावाचं झाड

कोसाडला आमच्या शेजारी आलेले काका कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात काम करतात, त्यामुळे घरातही ओरडूनच बोलतात. त्यांच्या परसातल्या झाडाचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. त्यांनी घर घेतलं तेव्हा झाडाला एक पान नव्हतं. ते पाडून मुलाच्या लग्नाआधी तिथे खोली काढायची, असं ठरलेलं.

कोंब फुटले तसे काका रोज एक खुडून कुंपणाशी यायला लागले. "भाऊ, हाई पिंपय नही ना?"

पिंपळावर कुऱ्हाड चालवायची त्यांची छाती नाही. मलाही नुसत्या कोंबावरून ओळखता येईना. काल म्हणालो, "पान उलगडलं की कळेलच."

आज सकाळी झाडावर एकही कोंब नव्हता. काका खाली उभे, बोटं चिकाने माखलेली.

"समजनंच नही, भाऊ."

चपला मात्र त्यांनी लांब, दाराशीच काढून ठेवल्या होत्या.