मिठ्ठूचा खोकला

आज हरभऱ्याची डाळ भिजत घातली आणि तिच्या ओल्या वासाने मला बदनापूरच्या भाड्याच्या खोलीत नेले. ते गाव तेव्हा हैदराबाद राज्यात होते आणि मी तिथे नवा शिक्षक होतो. शेजारच्या फातिमाबी लेकीच्या बाळंतपणासाठी हैदराबादला जाताना महिनाभरासाठी आपला पोपट मिठ्ठू माझ्या स्वाधीन करून गेल्या. मी रोज पाणी बदलले, पिंजरा धुतला, भिजलेली डाळ आणि पेरूची फोड ठरल्या वेळी दिली.

फातिमाबी परतल्या आणि त्यांच्यासमोरच मिठ्ठू खोकला. त्यांचा चेहरा उतरला.

“मास्तर, बीमार पडला की हा. खोकून राह्यला.”

बोलायला गेलो तो मलाच खोकला आला. मिठ्ठूने लगेच तसाच, शेवटच्या घरघरीसकट, खोकून दाखवले.

फातिमाबी पदर तोंडाला लावून हसल्या. “मास्तराच्या घरी राह्यला अन् एक पाढा न्हाई आला. खोकला तेवढा बराबर शिकला.”

ही गंमत मी वर्षानुवर्षे सांगत आलो. पोपट कानावर पडेल तेच उचलतो, असेही समजावतो. त्या महिन्यात माझ्या खोलीत त्याच्या कानावर पडण्याजोगे दुसरे काहीच नव्हते, एवढे मात्र सांगत नाही.