फळ न धरणारा वेल

चतुराकाकूची नक्कल सोपी. कमरेवर हात, नाकातून फुसकारा, आणि, "आले मालक! बसा आयत्या ताटावर!" आमच्या बोरी गावातलं कुणीही पोर करून दाखवील.

हे मालक म्हणजे तिचे नवरे, भुजंगकाका. त्यांनी जिंतूरकडच्या डोंगरातून करटुल्याचे दोन गड्डे आणून परसात कुंपणाशी लावले होते. रानवेल तो, लाड मागत नाही. उन्हाळ्यात वाळून नाहीसा होतो, मिरगात गड्ड्यातून पुन्हा उठतो. एकाला काटेरी हिरवी फळं लगडायची. दुसरा नुसताच पिवळा फुलायचा. काका त्याच्याच बुडाशी खाट टाकायचे.

"येल बी तसलाच, मालक बी तसलाच," काकू म्हणायची. "नुसता डौल!"

"गप की गं, लय बोलायलीस," काका खोकत म्हणायचे. "राहू दे त्याला."

काका वारले. अर्ध्यातच टाकून गेले, या रागात काकूने उन्हाळ्यात तो फुलणारा गड्डा खणून चुलीत घातला.

पावसाळ्यात मागे राहिलेला फळांचा वेल फुलला. फुलांखालची बारकी फळं पिवळी पडायची आणि गळायची. रोज सकाळी बुडाशी सडा. काकू भ्याली. "आवं, रुसलात का?" तिने वेलाला विचारलं. उत्तर तिच्याच गळ्यातून आलं. जाड, घोगरं, मध्ये काकांचा खोकला. "माझा येल कुठाय?"

मग रोज तेच. भांडी घासताना, दळण निवडताना. काकूने नारळ फोडला, दहीभात ठेवला. आवाज हटेना.

शेवटी जिंतूरच्या बाजारात तिने करटुली विकणाऱ्या बायनाबाईला विचारलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं बये, तो नर! त्याच्या फुलाबिगर मादीला फळ धरतंय व्हय?"

काकू म्हणाली, "जलमभर ऐतखाऊ म्हनले की मी त्याला."

"चल, डोंगरातला फुललेला दावते. तो ने."

एसटीत मांडीवर मातीचा गोळा, त्यातून लोंबणारा वेल. लोक हसले. काकूने तो त्याच खड्ड्यात लावला. वरचा वेल सुकला, पण गड्डा जगला. पुढल्या मिरगात उठला, फुलला, आणि शेजारच्या मादी वेलाला फळं टिकली.

पहिली भाजी काकूने भाकरीसोबत ताटात वाढून कुंपणाशी ठेवली. मी पलीकडे आमच्या परसात कपडे वाळत घालत होते. "घ्या," काकू म्हणाली. "चुकलं माझं. आता शांत व्हा."

मग तिच्या गळ्यातून, "हा कोन आनून बसवलास माझ्या जागंवर?"

काकूचा चेहरा पांढरा पडला. मग लाल झाला. "मरा तिकडं! उपाशी ऱ्हावा!" तिने ताट ओढलं आणि भाकरी मोडून गपागपा खायला लागली.

दोन्ही गाल भरलेले असताना कुणाचीच नक्कल करता येत नाही. मी करून बघितलंय.

काकू चावत होती. तोच घोगरा खोकला कुंपणाकडून आला.