रंध्यातला खळगा

खंडेनवमीला झेंडूचा वास आला, की मला आजही तो रंधा आठवतो.

ऐंशी-एक्क्याऐंशी साल असेल. लग्न होऊन मी नुकतीच बोनकोड्यात आले होते. सासरे सुतार, खाडीतल्या होड्या दुरुस्त करायचे. पूजेला त्यांची हत्यारं चकचकीत दिसावीत म्हणून मी एकेक घासायला घेतलं. रंध्याचं लाकूड घामाने काळं पडलेलं, अंगठ्याच्या जागी चांगला खळगा. दोन दुपारी पॉलिशपेपर मारून मी तोही सपाट केला. माझी अक्कल!

सासरे पूजेला बसले. त्यांनी रंधा हातात घेतला, आणि त्यांचा अंगठा काहीतरी शोधत लाकडावरून नुसता फिरत राहिला. सासूबाईंची हळदीची चिमूट तशीच अधांतरी.

"ह्यो कुनी घासला?"

"मी, बाबा."

मग त्यांनी रंध्यावर फूल ठेवलं.

"आंगठा बसाया चालीस वर्सं लागली व्हती," एवढंच म्हणाले. त्यानंतर तो रंधा त्यांनी कधी कामाला घेतला नाही.

आज तो आमच्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे म्हणतात, "किती छान जपलंय!"

मी चहा टाकायला आत जाते.