एका डोसाचे पेढे

कुणाविषयी लिहावं एवढी माझी पात्रता नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला. तरी तालुक्याच्या दवाखान्यातल्या समुपदेशकांविषयी लिहितो, माफी असावी.

एचआयव्ही असलेल्या बाईचं बाळ जन्मलं, की ते त्याला औषधाचा एक डोस पाजत आणि बापाला वॉर्डभर पेढे वाटायला लावत. "कुनाला सांगू नका बरं का," असं ते बाहेरच्या रांगेलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बजावत.

रिहे गावातल्या आमच्या शेजारच्या वहिनीला एचआयव्ही होता, तिला मुलगी झाली. वहिनीने समुपदेशकांना विचारलं, "दादा, पोरीची तपासनी कवा?"

"तपासनी कशाला? डोस मी सवता पाजलाय. पोर सुटली, पेढा खा!"

पोरगी सारखी आजारी पडू लागली, म्हणून मी मायलेकींना पुण्याला नेलं. पोरीला लागण निघाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या एका डोसाने आजार अडला नाही, उलट विषाणू औषधाला सरावला. नेहमीच्या उपचारात तेच औषध असतं. हिला दुसरं मागवावं लागेल.

परतल्यावर वहिनीने समुपदेशकांना गाठलं. ते म्हणाले, "औषद चुकत न्हाई. पोरीनंच वकलं आसल."

"तुमच्याच मांडीवर व्हती की! वकली आसती तर तुमीच भिजला आसता."

पुढे नव्या समुपदेशकांना शिकवायला त्यांनाच नेमल्याचं कळलं. वहिनीकडची बातमी मात्र काल आली: दुसरं औषध मिळालं, लागू पडलं, आणि पोरगी आता भात मागून खाते.